परदेशात खिसा कसा मारतात, आणि मारला गेला तरी सहल कशी वाचवायची

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या शिंपीमामांकडं दादाच्या दोन नव्या पॅन्ट घेऊन गेले होते. उंची, कंबर सगळं बरोबर होतं, फक्त आतल्या बाजूनं चोरखिसा लावून हवा होता. "काय ठेवणार ह्यात?" मामांनी विचारलं. मी पर्समधून दादाचा पासपोर्ट काढून मशीनवर ठेवला. त्यांनी गळ्यातली टेप लावली. लांबी पाच इंच, रुंदी साडेतीन. मग कमरपट्टीच्या खाली खडूनं चौकोन आखला आणि म्हणाले, "तोंड चार इंचाचं धरू, खोली सहाची. मांजरपाट लावतो आतून, आणि वर झाप घेऊन टिचबटण. पण पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला सांगा, घामानं पानं फुगतात."

दादा-वहिनी ऑक्टोबरमध्ये इटलीला निघालेत. दोन वर्षांपूर्वी स्पेनला गेले होते, तेव्हा बार्सिलोनाच्या मेट्रोत दादाचं पाकीट गेलं. पैसे गेले त्याचं दुःख त्यानं महिन्याभरात पचवलं. एक प्रश्न मात्र अजून त्याच्या मनात आहे. "तीस वर्षं कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवर गर्दीत गाड्या पकडल्या, माझा खिसा कधी गेला नाही. मग तिथं मला कळलंच कसं नाही?"

पाकीट गेलेल्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न पडतो, आणि बहुतेक जण उत्तर म्हणून स्वतःलाच मूर्ख ठरवून गप्प बसतात. ते मला मनापासून चुकीचं वाटतं. हे काम कसं चालतं ते नीट समजलं, तर स्वतःला बोल लावायची गरज उरत नाही आणि पुढच्या वेळी काय करायचं तेही कळतं.

दारात काय होतं

दादानं सांगितलेला प्रसंग असा. गाडी आली, दार उघडलं. त्याच्या पुढचा माणूस एक पाऊल आत टाकून तिथंच थबकला आणि काहीतरी पडल्यासारखा खाली वाकला. दादा त्याच्यावर आदळला. मागून लोकांचा रेटा आला. शेजारी एक तरुण होता, हातावर जाकीट टाकलेला, तो "सॉरी, सॉरी" म्हणत होता. दार बंद व्हायचा इशारा वाजला, तसे पुढचा आणि शेजारचा दोघंही उडी मारून परत फलाटावर उतरले. दार लागलं, गाडी सुटली. पुढच्या स्टेशनला दादाचा हात सहज पुढच्या खिशाकडं गेला, तर खिसा सपाट. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंदं लागली असतील.

यातलं काहीच आपोआप घडलेलं नव्हतं. वाकलेला माणूस अडवणारा. मागून रेटा देणाऱ्यांत एक-दोघं त्यांचेच. जाकीटवाल्याचा हात जाकिटाखाली होता, खिशात तोच गेला. पाकीट हाती आलं की ते लगेच चौथ्याकडं जातं आणि तो शांतपणे दुसरीकडं चालायला लागतो. म्हणून तुम्ही चुकून एखाद्याची कॉलर धरलीत, तरी त्याच्याकडं काहीच सापडत नाही. वर भर फलाटावर माफी तुम्हालाच मागावी लागते.

आपल्याकडं स्टँडवर गारगोटीची गाडी लागली की काय होतं ते आठवा. रुमाल टाकून जागा धरायला खिडकीकडं धावणारे, दारात मुसंडी मारणारे, आणि सगळ्यांचं लक्ष त्या एका पायरीवर. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला निघताना आई मंगळसूत्र सेफ्टी पिननं ब्लाऊजला आतून टाचून घ्यायची. तेव्हा मला ते अति वाटायचं. गर्दीला रेटण्याचं कारण मिळालं की धक्का कुणाला संशयास्पद वाटत नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण पक्कं माहीत होतं.

परदेशातल्या जागाही अशाच असतात. मेट्रोचं दार, सरकत्या जिन्याचं शेवटचं टोक, तिकिटाचं फाटक, ट्रामची पायरी. जिथं तुम्हाला पुढं सरकणं भाग आहे आणि मागचे लोक चिकटून उभे आहेत, ती प्रत्येक जागा. त्यातल्या काही तर नावाजलेल्या आहेत. बार्सिलोनाचा ला राम्ब्ला रस्ता, पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालयाजवळून जाणारी मेट्रोची १ नंबरची लाईन, रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडं जाणारी ६४ नंबरची बस, लिस्बनची २८ नंबरची ट्राम, प्रागचा चार्ल्स पूल. पॅरिसमध्ये हा त्रास एवढा वाढला होता की एप्रिल २०१३ मध्ये लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांना वैतागून काम थांबवलं आणि संग्रहालय एक दिवस बंद राहिलं. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही तेच केलं. रोज तिथं उभं राहून चेहरे ओळखणाऱ्या माणसांनी जिथं हात टेकले, तिथं चार दिवसांसाठी गेलेल्या माझ्या भावानं स्वतःला मूर्ख का म्हणावं?

मग कळत का नाही

घरी एक प्रयोग करून बघा. पाच किलो तांदळाची पिशवी हातात धरून डोळे मिटा आणि कुणाला तरी त्यात हळूच एक लिंबू टाकायला सांगा. वजन वाढल्याचं कळणार नाही. आता तेच लिंबू रिकाम्या तळहातावर ठेवू द्या. लगेच कळेल. एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं हेच मोजून दाखवलं. आधीच मोठा भार किंवा दाब असेल तर त्यात पडलेली लहानशी भर आपल्याला जाणवत नाही. दारात छातीला आणि पाठीला जोराचा दाब बसला की मांडीजवळ सरकणारी दोन बोटं म्हणजे पाच किलो तांदळातलं लिंबू. खांद्यावर हात ठेवून पत्ता विचारणाराही हेच करत असतो.

लक्षाचंही तसंच. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चेंडू खेळणाऱ्यांचा व्हिडिओ दाखवला आणि एका संघानं चेंडू किती वेळा एकमेकांकडं टाकला ते मोजायला सांगितलं. मधूनच गोरिलाच्या वेशातलं एक माणूस आलं, छाती बडवून गेलं. जवळजवळ निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. मन मोजण्यात गुंतलं होतं. तुम्ही परक्या शहरात फलकावर स्टेशनचं न वाचता येणारं नाव शोधत असता, तेव्हा तुमचं मनही असंच गुंतलेलं असतं. सीबीएसवर दादाला फलक वाचावा लागत नाही, गाडी कुठं लागणार ते माहीत असतं, म्हणून त्याचं बरंचसं लक्ष खिशासाठी मोकळं असतं. त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते इथं आहे.

अमेरिकेत अपोलो रॉबिन्स नावाचा एक कलाकार लोकांना आधी सांगून, रंगमंचावर त्यांच्या अंगावरच्या वस्तू काढून दाखवतो. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याच्याबरोबर काम केलं, तेव्हा एक गंमतीची गोष्ट पुढं आली. हात सरळ रेषेत गेला तर बघणाऱ्याची नजर चटकन रेषेच्या टोकाला उडी मारते आणि माघारी येते. हात कमानीसारखा वळत गेला तर नजर त्याच्या मागोमाग जात राहते. म्हणजे नजर कुठं न्यायची हेही समोरच्याला ठरवता येतं.

लक्ष ओढून घेणारे बहाणे म्हणून तर इतके निरनिराळे असतात. पॅरिसमध्ये साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांखाली मनगटावर दोरा बांधायला हात धरणारे, कागद पुढं करून सही मागणाऱ्या मुली, "तुमच्या शर्टवर काहीतरी सांडलंय" म्हणून पुसायला येणारे, तिकिटाच्या यंत्राजवळ न मागता मदत करणारे, साध्या कपड्यातला पोलीस आहे म्हणून पाकीट तपासायला मागणारे. ही यादी पाठ करून काही उपयोग नाही, नवीन बहाणा उद्या निघेल. ओळख नसलेलं माणूस अंगाला हात लावतंय किंवा तुमचे दोन्ही हात गुंतवतंय, एवढं दिसलं की न बोलता, न थांबता पुढं चालायचं. आपल्याला हे जड जातं, कारण कुणी काही विचारलं तर थांबून उत्तर द्यायचं हा आपला रिवाज. तिथं खरंच अडलेला माणूस दुसऱ्या कुणालाही विचारू शकतो, मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

आणि चोर दिसायला चोरासारखा असेल हे डोक्यातून काढून टाका. दादाच्या शेजारचा तरुण नीटनेटका, गळ्यात कॅमेरा अडकवलेला पर्यटकच वाटत होता. चेहरा, रंग, कपडे बघून अंदाज बांधणारा माणूस चुकीच्या माणसापासून सावध राहतो आणि निष्पाप माणसाचा अपमानही करतो.

पोलीस काय करतात, हा पुढचा प्रश्न असतोच. स्पेनमध्ये ४०० युरोंपेक्षा कमी किमतीची चोरी हा हलका गुन्हा धरला जातो आणि बहुधा दंडावर भागतं. वारंवार चोरी करणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये तिथं कायदा कडक झाला. इटलीत १४ वर्षांखालच्या मुलांवर फौजदारी जबाबदारीच येत नाही. त्यात तुम्ही आठवड्यात घरी परतता, साक्ष द्यायला पुन्हा कोण जाणार? त्यामुळं चोर पकडला जाईल यावर भिस्त ठेवू नये.

कसा, कनवटी आणि चोरखिसा

आपल्या आज्या-पणज्यांना हे गणित येत होतं. बैल विकून बाजारातून परतणारा शेतकरी पैसे कशात, म्हणजे कमरेला बांधायच्या लांबट कापडी पिशवीत ठेवायचा, वरून धोतर. आजीचे सुट्टे पैसे कनवटीला असायचे आणि नोटा कुठं असायच्या ते घरातल्यांनाही माहीत नसायचं. खर्चाचे पैसे वेगळे, राखीव पैसे वेगळे, आणि राखीव पैशाला चारचौघांत हात लावायचा नाही. परदेशासाठी याहून वेगळा नियम मला सापडलेला नाही.

दिवसाला लागतील तेवढे युरो आणि एक कार्ड पुढच्या खिशात, साध्या पाकिटात. मागच्या खिशात काहीही नाही. बाकीचे पैसे, दुसरं कार्ड आणि प्रवासाच्या दिवशी पासपोर्ट हे चोरखिशात किंवा कपड्याखालच्या कमरपट्ट्यात. ते उघडायचं ते हॉटेलच्या खोलीत, फार तर बाथरूममध्ये. तिकिटाच्या रांगेत शर्ट वर करून पट्ट्यातून नोटा काढणारी माणसं मी स्वतः पाहिलीत. जागा एकदा दाखवली की चोरखिसा कसला?

"पाकीटमारांपासून सावध" अशी पाटी दिसली की माणूस नकळत आपला खिसा चाचपतो. चोराला नेमका खिसा तिथंच कळतो. पाटी वाचावी, हात जागच्या जागी ठेवावा.

बायकांच्या बाबतीत पर्स तिरकी अडकवून, चेन अंगाकडच्या बाजूला, आणि गर्दीत हात तिच्यावर. पाठीवरची सॅक मेट्रोत पोटावर घ्यायची. जेवताना पर्स खुर्चीच्या पाठीला लावायची नाही, पट्टा पायात अडकवून मांडीवर ठेवायची. मोबाईल टेबलावर ठेवायचा नाही, कारण कुणीतरी नकाशा पसरून काही विचारतं आणि नकाशा उचलताना मोबाईलही उचलला जातो. सोनं घरीच ठेवा. वहिनींना गळा मोकळा ठेवणं पटत नव्हतं, मग गुजरीतून साध्या काळ्या मण्यांची एक लहान पोत घेतली. लंडनसारख्या शहरांत सायकलवरून आणि व्हिएतनामच्या हो ची मिन्ह शहरात स्कूटरवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानात शिरा.

पासपोर्ट रोज बरोबर न्यायचा की हॉटेलच्या तिजोरीत ठेवायचा यावर लोक वाद घालतात. शहरात फिरायच्या दिवशी तिजोरीत मूळ आणि खिशात झेरॉक्स, असं मला बरं वाटतं. पण देशाचा नियम आधी बघा. जपानमध्ये परदेशी प्रवाशानं मूळ पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्यानंच बंधनकारक आहे. आणखी एक आपली खास सवय म्हणजे घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट एकाच पाऊचमध्ये, बहुधा घरच्या कर्त्या माणसाच्या गळ्यात. बार्सिलोनात दोघांचेही पासपोर्ट वहिनींच्या पर्समध्ये होते म्हणून सहल वाचली. चोरानं दादाऐवजी वहिनींना निवडलं असतं तर दोघांचंही परतणं अडलं असतं. ज्याचा त्याच्याकडं, हेच बरं.

खरं नुकसान कार्डात आणि फोनमध्ये

दादाच्या पाकिटात रोख दीडशे युरो होते. जवळजवळ तेवढेच नंतर पुन्हा गेले. पाकीट गेल्यावर त्याला बँकेचा मदत क्रमांक हवा होता, आणि तो छापलेला असतो कार्डाच्या मागं. कार्ड चोराकडं. क्रमांक शोधून, वहिनींच्या फोनवरून लावून, "यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा" करत वीस मिनिटं गेली. तेवढ्यात कार्ड तीन ठिकाणी टेकवून झालं होतं. युरोपात सहसा ५० युरोपर्यंतच्या खरेदीला पिन लागत नाही.

ही तयारी घरी बसूनच होते. भारतातल्या कार्डांवर परदेशातला वापर चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं २०२० पासून मिळते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन टेकवून पैसे देण्याची मर्यादा अगदी कमी करा. ऑनलाईन परदेशी खरेदी बंदच ठेवा, कारण बऱ्याच परदेशी वेबसाईट ओटीपी मागतच नाहीत, कार्डावरचे आकडे त्यांना पुरतात. बचत खात्याचं कार्ड नेण्यापेक्षा लागेल तेवढेच पैसे भरलेलं फॉरेक्स कार्ड बरं, जाऊन जाऊन किती जाणार हे आधीच ठरतं. आणि बँकांचे मदत क्रमांक कागदावर लिहून दोघांच्या वेगवेगळ्या बॅगेत ठेवा. कार्ड बंद करायला सांगितल्याची वेळ आणि तक्रार क्रमांकही टिपून घ्या. बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेनं सोसायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. म्हणून ती वेळ मोलाची असते.

फोन गेला तर गोष्ट आणखी अवघड. बँकेचा ओटीपी त्याच सिमवर, ईमेलची खात्री त्याच फोनवर, आणि ईमेल उघडल्याशिवाय तिकीट मिळत नाही. माणूस स्वतःच्या घराबाहेर किल्ली आत ठेवून अडकल्यासारखा होतो. गूगल खात्यात आणीबाणीचे दहा कोड मिळतात. ते कागदावर छापून घ्या. सिमला पिन लावा, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ओटीपी येणार नाहीत, पण हे निघायच्या आदल्या रात्री नको, कारण तीनदा पिन चुकला की सिम अडकतं. आयफोनमध्ये जानेवारी २०२४ पासून आणि अँड्रॉइडमध्ये त्याच वर्षापासून चोरीपासून संरक्षणाची सोय आली आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. घरी कोल्हापुरात एकजण ठरवून ठेवा, ज्याच्याकडं पासपोर्टच्या प्रती, बँकांचे क्रमांक आणि सिम कंपनीचा क्रमांक आहे. आमच्याकडं ती मी आहे. उन्हाळ्यात पॅरिसचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं असतं, हिवाळ्यात साडेचार. तिथं रात्री नऊला फोन गेला तर इथं मध्यरात्र उलटलेली असते. झोपताना माझ्या फोनचा आवाज मी मोठा ठेवते.

गेलंच तर

चोराच्या मागं धावू नका. भिंतीला पाठ लावून उभे राहा, अंगावर बाकी काय उरलंय ते बघा, आणि सोबतच्याच्या फोनवरून आधी कार्ड बंद करा. मग जवळपासच्या कचरापेट्या बघा. रोकड काढून पाकीट टाकून देणं चोराला सोयीचं असतं, आणि आधार, लायसन्स कधी कधी तिथंच मिळतात. जीवाला धोका असेल तर युरोपात ११२ लावा, आपल्याकडचाच क्रमांक. नुसतं पाकीट गेलं असेल तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवा. चोर सापडणार नाही हे तुम्हाला माहीत असतं आणि समोरच्यालाही, तरी शिक्क्याचा कागद हवाच. विमा कंपन्या बहुतेक वेळा २४ तासांच्या आतली तक्रार मागतात. युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी घ्यावा लागणारा ३०,००० युरोंचा विमा हा आजारपणासाठी असतो. चोरीचं आणि पासपोर्टचं कलम त्यात आहे का ते घेतानाच वाचा. रोख रकमेची भरपाई सहसा मिळत नाही.

पासपोर्ट गेला असेल तर तक्रारीची प्रत, पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो घेऊन भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासात जायचं. तिथं लगेच परतायचं असेल तर आणीबाणीचा दाखला देतात. तो फक्त भारतात येण्यापुरता, एकेरी. त्यावर पुढच्या देशात फिरता येत नाही. नवा पासपोर्ट मागता येतो, पण त्याला दिवस लागतात आणि जुन्यातला व्हिसा त्यात आपोआप येत नाही. परत आल्यावर कोल्हापुरातल्या पासपोर्ट केंद्रात पुन्हा अर्ज करायचा, तेव्हाही तो परदेशातला शिक्क्याचा कागद लागतो. म्हणून मूळ प्रत विमा कंपनीला देऊन टाकू नका.

शुक्रवारी मामांकडून पॅन्ट आणल्या. त्याच संध्याकाळी दादा त्यातली एक घालून महाद्वार रोडवर गेला. अंबाबाईच्या पालखीचा वार, रस्ता माणसांनी फुललेला. चोरखिशात पासपोर्ट, पुढच्या खिशात तीनशे रुपये. वहिनींनी त्याला चार दुकानांत थांबवलं, दर विचारले, पिशव्या दोन्ही हातांत दिल्या. पहिल्या दोन वेळा त्याचा हात आपसूक कमरेकडं गेला, तसा वहिनींनी कोपर मारला. तिसऱ्या दुकानापासून गेला नाही. निघेपर्यंत आणखी तीन शुक्रवार आहेत.